रबाळ्यात नवे मॅनेजर झालात? आधी आकड्याचा माग काढा

ट्रान्स हार्बरची लोकल ऐरोली सोडून नवी मुंबईतल्या रबाळ्याला लागली की डब्यातली निम्मी माणसं दाराकडे सरकतात. कोणी हेल्पर, कोणी ऑपरेटर, कोणी क्वालिटीतलं. त्यांत एखादा असा असतो ज्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी अजून कोरी आहे: नुकताच असिस्टंट मॅनेजर झालेला, किंवा एमबीए करून थेट आलेला. हा लेख त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी. तुम्हाला कंपनीच्या सिस्टिमचं लॉगिन मिळेल, पडद्यावर रंगीत आलेख दिसतील, आणि दोन दिवसांत कोणीतरी विचारेल, “साहेब, मग काय करायचं?” या प्रश्नाचं उत्तर त्या आलेखात नसतं. ते कसं शोधायचं, ते क्रमाने सांगतो.

मी या ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढली. आधी प्लॅनिंगला होतो, नंतर प्लांट बघितला. आम्ही डब्यांची झाकणं बनवायचो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमचीच शोभा आहे.

एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे ठाण्यातलं वागळे इस्टेट. खाडीच्या या बाजूचा टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा नंतर वाढला. आज महाप्यात, ऐरोलीत आयटी पार्क आहेत, मोठमोठी डेटा सेंटरं आहेत, आणि त्यांच्याच शेजारच्या एखाद्या गाळ्यात शिल्लक माल खडूने फळ्यावर लिहिलेला असतो. तुमच्या कंपनीत एसएपी असो, टॅली असो की नुसतं एक्सेल, पुढच्या पायऱ्या त्याच आहेत.

पहिली पायरी: पंधरा दिवस वही

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एक दोनशेपानी वही घ्या. पंधरा दिवस तुमच्यापर्यंत येणारा प्रत्येक निर्णय त्यात लिहा, कितीही किरकोळ असला तरी. काय ठरवलं, कोणी विचारलं होतं, हातात कोणती माहिती होती, कोणती हवी होती पण मिळाली नाही. आणि शेवटच्या रकान्यात: यातून काय होईल असं मला वाटतं. हा शेवटचा रकाना लिहायला लाज वाटते, कारण नंतर तो आपल्यालाच चुकीचा ठरवतो. तरी लिहा. तारखेसह, पेनने.

वही मोबाइलमध्ये का ठेवायची नाही? ठेवा, हरकत नाही. पण शॉप फ्लोअरवर मोबाइल काढला की समोरच्याला वाटतं साहेब व्हॉट्सअ‍ॅप बघतायत. वहीत लिहिताना पाहिलं की तो बोलायचा थांबत नाही, उलट जास्त नीट सांगतो.

पंधरा दिवसांनी वही उघडून निर्णयांची वर्गवारी करा. हे काम जुनंच आहे. अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९६० मध्ये निर्णयांचे दोन प्रकार मांडले: ठरलेल्या पद्धतीने वारंवार घेतले जाणारे, आणि प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागणारे. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये पातळ्या सांगितल्या: रोजच्या कामावरचं नियंत्रण, व्यवस्थापकीय नियंत्रण, आणि दूरचं धोरण. पुढे १९७१ मध्ये एमआयटीतल्या गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी या दोन्हींचा मिळून एक चौकटीचा तक्ता केला. माहिती तंत्रज्ञान कुठे निर्णय पूर्ण सांभाळू शकतं आणि कुठे नुसतं साहाय्य करतं, ते त्यावरून कळतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर: प्लास्टिकच्या कच्च्या दाण्याची ऑर्डर कधी टाकायची, कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी तटली आहे, ओव्हरटाइम किती लागेल, हे प्रश्न नियमात बसतात. ते सिस्टिमकडे सोपवा. नवा मोल्ड (साचा) घ्यायचा का, पुण्यातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकावर किती अवलंबून राहायचं, हे नियमात बसत नाहीत. तिथे संगणक आकडे पुरवेल, डोकं तुमचंच लागेल. आणि मधला एक पट्टा असतो, अर्धा नियमाचा, अर्धा अंदाजाचा. उदाहरणार्थ, नेहमीच्या गिऱ्हाइकाने तातडीची ऑर्डर दिली तर कोणाची मशीन थांबवायची? तुमचा पगार बहुतेक या मधल्या पट्ट्यासाठी असतो.

दुसरी पायरी: एका आकड्याच्या मागे चालत जा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझी फजिती इथेच झाली.

जूनअखेरचा सोमवार. पडद्यावर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दाण्याच्या २१२ गोण्या शिल्लक. गोणी २५ किलोची, दिवसाला ४० लागायच्या. म्हणजे पाच दिवसांची बेगमी. पुरवठादार तीन दिवसांत माल पोचवायचा. बुधवारी महिन्याची एक तारीख होती आणि भाव उतरणार अशी कुजबुज होती. मी ऑर्डर बुधवारवर ढकलली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

बुधवारी दुपारी चार वाजता सुपरवायझर वर आला. “साहेब, दाणा संपला.”

मी त्याला पडदा दाखवला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की आपण शहाण्या माणसाशी बोलतोय की नाही याची त्याला शंका आली असावी. आम्ही दोघं खाली गोडाऊनमध्ये गेलो. स्टोअरकीपर काका म्हणाले, “सिस्टिममध्ये आहे ना साहेब, मग ते सिस्टिममध्येच आहे.”

नंतर बसून हिशेब लावला. स्टोअर संध्याकाळी साडेसहाला बंद व्हायचं. रात्रपाळीचा सुपरवायझर किल्ली घेऊन गोण्या काढायचा, एका चतकोर वहीत लिहायचा, आणि सकाळी डेटा एंट्रीची मुलगी ते भरायची. ती शनिवार ते सोमवार रजेवर होती. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन रात्रींच्या मिळून ४५ गोण्या पडद्यावरून उतरल्याच नव्हत्या. आणखी ३८ गोण्या रनर (साच्याच्या वाहिन्यांत उरलेलं प्लास्टिक) दळून परत भरलेल्या होत्या. तो माल ठरावीक प्रमाणातच मिसळता येतो, पण नोंद मात्र कोऱ्या दाण्यात झालेली. आणि २४ गोण्या क्वालिटीने नाकारून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, त्यावर लाल चिठ्ठी होती, पण चिठ्ठी सिस्टिमला दिसत नाही. २१२ मधून हे १०७ वजा करा. उरतात १०५. अडीच दिवसांचा माल. बुधवार दुपार.

भिवंडीच्या एका व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने गोण्या उचलल्या, गाडी पावसात शिळफाट्याला अडकली, मशीन दीड दिवस बंद राहिली. शेठनी फक्त दोन प्रश्न विचारले. “सिस्टिम बघितली होती?” हो. “गोडाऊन बघितलं होतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आता नव्या माणसाला मी हे काम देतो: तुमच्या निर्णयांत वारंवार येणारा एकच आकडा निवडा आणि तो जिथे जन्मतो तिथपर्यंत चालत जा. शिल्लक मालाचा आकडा असेल तर रस्ता असा: गेटवरची आवक नोंद, वजनकाट्याची पावती, पुरवठादाराचं डिलिव्हरी चलन, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), क्वालिटीचा शेरा, बिन कार्ड (गोडाऊनमधलं त्या वस्तूचं कार्ड), इश्यू स्लिप (माल काढून दिल्याची चिठ्ठी), उत्पादनाची नोंद. प्रत्येक थांब्यावर तीन गोष्टी विचारा. हे कोण भरतं? घडल्यानंतर किती वेळाने भरतं? ते माणूस नसेल तेव्हा कोण भरतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी आधी शांतता पसरते, मग हसू.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. “रजिस्टर दाखवा” म्हणालात की रजिस्टर दिसेल, बाकी काही दिसणार नाही. “काका, मी नवीन आहे, हे कसं चालतं ते मला शिकवा” म्हणा, आणि खरंच शिका. वीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला सिस्टिम कुठे खोटं बोलते ते पाठ असतं. त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं इतकंच.

आणखी एक गोष्ट तपासा: लॉगिन. आमच्याकडे ‘स्टोअर१’ नावाने तीन जण नोंदी करायचे आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला होता. नोंद कोणी बदलली ते कळायला मार्गच नव्हता. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी, बंद न करता येणारी सोय असणं कायद्याने बंधनकारक आहे. पण तिघांचं नाव एकच असेल तर तो माग ‘स्टोअर१’पाशी येऊन संपतो. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. पहिल्याच आठवड्यात करता येण्यासारखं हे काम आहे.

तिसरी पायरी: नियमातल्या निर्णयाला खरंच नियम द्या

माझ्या फजितीचा दुसरा अर्धा भाग नंतर लक्षात आला. पडद्यावरचे २१२ खरे असते तरी ऑर्डर आधीच जायला हवी होती.

कॉस्टिंगच्या पुस्तकात असतं ते सूत्र आठवा: जास्तीत जास्त खप गुणिले माल यायला लागणारे जास्तीत जास्त दिवस. आमचा खप घाईच्या दिवसांत ४८ गोण्यांवर जायचा आणि पावसाळ्यात माल यायला सहा दिवस लागायचे. ४८ गुणिले ६, म्हणजे २८८. शिल्लक २८८ वर आली की ऑर्डर जायची, भाव काहीही असो. सरासरी खप ४० आणि सरासरी तीन दिवस धरले तर १२० लागतात. उरलेल्या १६८ गोण्या म्हणजे सुरक्षिततेचा साठा.

इथे हिशेबनीस विचारणार, एवढे पैसे अडकवायचे? विचारू द्या, त्याचं कामच ते. गोणी २,५०० रुपयांची धरली तर १६८ गोण्यांचे ४,२०,००० रुपये होतात. बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५०,४००. आता दुसऱ्या पारड्यात चार मशीन एक दिवस बंद राहिल्या तर काय जातं ते टाका. वर गिऱ्हाइकाचा फोन. आणि मी ज्या भाव उतरण्याची वाट पाहत होतो तो किलोमागे एक रुपयाने उतरला असता, तर नऊ टनांच्या गाडीवर नऊ हजार वाचले असते. हे तिन्ही आकडे एका कागदावर लिहिले असते तर मी सोमवारीच फोन उचलला असता.

एका वेळी किती मागवायचं यालाही सूत्र आहे, अमेरिकन अभियंते फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेलं. वर्षाची गरज १२,००० गोण्या, एका ऑर्डरमागचा खर्च १,२०० रुपये, एक गोणी वर्षभर ठेवण्याचा खर्च ३०० रुपये धरा. दोन गुणिले १२,००० गुणिले १,२००, भागिले ३००, आणि वर्गमूळ: साधारण ३१० गोण्या. पण नऊ टनांच्या गाडीत ३६० बसतात. मग? ३१० मागवल्या तर ऑर्डरचा आणि साठवणुकीचा मिळून वर्षाचा खर्च सुमारे ९२,९५० रुपये येतो, ३६० मागवल्या तर ९४,०००. फरक हजार रुपयांचा. गाडी भरून आणा आणि वर्गमुळावरून भांडू नका. सूत्राचा उपयोग नेमका आकडा मिळवण्यापेक्षा, आपण भलतीकडे तर जात नाही ना हे पाहण्यासाठी जास्त आहे.

हा नियम सिस्टिममध्ये एकदा भरून ठेवला की इशारा आपोआप येतो. फक्त दर सहा महिन्यांनी ते सहा दिवस अजून सहाच आहेत का ते पाहा. घोडबंदर रोडचं काम, अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी, पाऊस, यांनी हे दिवस बदलतात आणि सिस्टिमला कोणी कळवत नाही.

चौथी पायरी: रिपोर्ट कमी करा

तुम्हाला रोज ईमेलने दहा-बारा रिपोर्ट येतील. व्यवस्थापनाचे अमेरिकन अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं की मॅनेजरला माहिती कमी पडते हे गृहीतच चुकीचं आहे. नको ती माहिती जास्त होते हा मोठा त्रास. वहीतल्या निर्णयांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक रिपोर्टला विचारा, तू यांतल्या कोणत्या निर्णयासाठी आहेस? उत्तर नसेल तर तो बंद करायला सांगा. कोणी बोंब मारली तर परत सुरू करा. आमच्याकडे सात बंद केले, एकाचीच बोंब आली.

जो उरेल तो एका पानावर मावला पाहिजे. आणि त्यात नुसती सरासरी असेल तर सावध व्हा. समजा महिन्यात दहा ऑर्डरी गेल्या आणि सरासरी पाच दिवसांत पोचल्या. ठीकठाक वाटतं. पण त्यातल्या आठ दोन दिवसांत पोचल्या आणि दोन सतरा दिवसांनी, तरीही सरासरी पाचच येते. त्या दोन्ही भोसरीच्या एकाच गिऱ्हाइकाच्या असतील तर तुम्ही ते गिऱ्हाईक गमावत आहात, आणि रिपोर्ट म्हणतोय सगळं आलबेल. सरासरीशेजारी सर्वांत वाईट तीन ऑर्डरी नावानिशी छापायला सांगा.

येणी आणि देणी यांचं पान वेगळं. देणीच्या पानावर एक रकाना नक्की हवा: पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला आहे का. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुरवठादाराच्या नोंदीत उद्यम क्रमांकाचा (अशा उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) रकाना रिकामा असेल तर सिस्टिम इशारा देणार कशी?

अंदाज आणि पंचांग

मिठाईच्या डब्यांची झाकणं विकणाऱ्या माणसाला दिवाळी कधी आहे हे माहीत असावं लागतं. सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरवर गेलं. गणपतीही ३१ ऑगस्टवरून १९ सप्टेंबरवर सरकले. ‘गेल्या वर्षी याच महिन्यात’ असा तुलनेचा रिपोर्ट त्या सप्टेंबरमध्ये ज्याने पाहिला त्याला वाटलं असणार धंदा बसला. तो बसला नव्हता, पुढे गेला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि दिवाळी ८ नोव्हेंबरला.

उपाय सोपा आहे. तुलना तारखेने न करता सणाच्या आधीच्या आठवड्यांनी करा: दिवाळीआधी आठ आठवडे, सात आठवडे, सहा. एक्सेलमध्ये एक रकाना वाढवला की झालं. एआयने अंदाज काढणारी महागडी साधनं विकायला कोणी आलं तर त्याला पहिला प्रश्न अधिक मासाचा विचारा. नीट उत्तर दिलं तर चहा पाजा.

हजेरीचंही तेच. गणपतीत आमचा निम्मा प्लांट कोकणात असतो. दर वर्षी असतो. तरीही त्या आठवड्यात उत्पादन घटल्याचा लाल आलेख पाहून हेड ऑफिसमधून खुलासा मागणारं ईमेल यायचं.

पाचवी पायरी: कधी थांबायचं ते ठरवा

माहिती गोळा करत बसणं हाही निर्णय टाळण्याचाच प्रकार आहे, फक्त सभ्य दिसतो. सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं होतं की माणसाचा वेळ, लक्ष आणि बुद्धी मर्यादित असते, त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा चांगला मिळाला की थांबतो. मग तो ‘पुरेसा’ किती हे आधीच ठरवून ठेवा. नवी माहिती मागण्यापूर्वी वहीत लिहा: काय कळलं तर माझं मत बदलेल? काहीच सुचत नसेल तर तुमचं ठरलेलं आहे. उगाच कोणाकडून एक्सेलमधली पिव्होट टेबल (गोषवाऱ्याचे तक्ते) करून घेऊ नका.

आणि निर्णय फिरवता येतो का ते बघा. शिफ्टची वेळ बदलली आणि जमली नाही तर सोमवारी परत बदलता येते. तिथे झटपट ठरवा. तीस लाखांचा मोल्ड परत करता येत नाही.

टार्गेटचा आकडा नासतो

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलन धोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं त्याचा मथितार्थ असा, की मोजमापालाच लक्ष्य केलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आमच्याकडे डिस्पॅचचं मासिक टार्गेट होतं. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी बिलं फाटायची, गाड्या गेटच्या आतच उभ्या राहायच्या, माल दोन-तीन तारखेला निघायचा. रिपोर्ट छान. गिऱ्हाईक वैतागलेलं. जीएसटीच्या कागदांवरच्या तारखांचा घोळ वेगळाच, आणि तो निस्तरताना अकाउंट्सच्या ताईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बिलाच्या आकड्याशेजारी गेटमधून गाडी सुटल्याची वेळ ठेवा. दोन वेगळ्या माणसांनी भरलेले दोन आकडे एकमेकांचे साक्षीदार होतात.

सहावी पायरी: नवं सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली तर

वर्षा-दोन वर्षांत ही वेळ येईलच. विक्रेता त्याच्या लॅपटॉपवर त्याचाच डेटा घेऊन डेमो देईल आणि सगळं लोण्यासारखं चालेल. त्याला तुमच्याकडची तीन आडमुठी प्रकरणं द्या. आमची अशी होती: एक, गिऱ्हाइकाने निम्मा माल परत केला आणि निम्म्यावर सूट मागितली; दोन, खरेदी किलोत, वापर गोणीत, विक्री हजार नगांत; आणि तीन, रात्रपाळीत स्टोअरकीपर नसताना काढलेला माल. तिसऱ्यावर दोन विक्रेते अडले. ज्याने “ते तुम्हाला प्रक्रिया बदलून करावं लागेल” असं सरळ सांगितलं त्याचं आम्ही घेतलं, कारण बाकीचे “होऊन जाईल” म्हणत होते.

यादी साफ करण्याचं काम कोणाला आवडत नाही, पण तिथेच यश-अपयश ठरतं. आमच्या जुन्या यादीत ‘पीपी नॅचरल’, ‘पी.पी. नॅचरल २५ किलो’ आणि ‘दाणा पीपी’ अशा तीन नावांनी एकच वस्तू होती आणि तिन्हींवर शिल्लक होती. हे कचऱ्यासकट नव्या घरात नेलंत तर नवं घर जुनंच होणार. एका माणसाला हे काम द्या, त्याला दुसरं काम देऊ नका, आणि नवीन वस्तूचा कोड उघडायचा अधिकार त्याच्याच हातात ठेवा.

सुरुवात कधी करायची? मार्चमध्ये नाही, कारण अकाउंट्स. गणपती ते दिवाळी नाही, कारण आम्ही झाकणवाले. तुमच्या धंद्याचा हंगाम तुम्ही बघा. जुनी आणि नवी पद्धत दोन महिने शेजारी शेजारी चालवा, म्हणजे दोन महिनाअखेरी आणि निदान एक प्रत्यक्ष मोजणी त्यात येते. लोकांना दुप्पट काम पडतं, ते कुरकुरतात, त्यांचं बरोबर आहे. त्या दोन महिन्यांचा ओव्हरटाइम आधीच मंजूर करून घ्या. खर्चाच्या कागदावर लायसन्सची रक्कम मोठी दिसते, पण प्रशिक्षण, दर वर्षीचं एएमसी (देखभालीचा करार) आणि आपल्या माणसांचा गेलेला वेळ धरला की ती बापुडी वाटू लागते.

करारावर सही करण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर आमचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल?

आणि सहा महिन्यांनी कोणीतरी गुपचूप स्वतःची एक्सेल शीट चालवताना सापडेल. त्याला रागावू नका. नव्या सिस्टिममध्ये काय नाही याची ती सगळ्यात प्रामाणिक तक्रार असते. त्याच्याशेजारी बसून ती शीट समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचंही तसंच, तिथे झालेले निर्णय मात्र त्याच दिवशी सिस्टिममध्ये चढले पाहिजेत. ‘ओके’ आणि अंगठा शोधत तीन आठवडे मागे जाणं मी केलंय.

वीज गेली, सर्व्हर बुडाला, व्हायरस आला

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या नॉटपेट्या या संगणक-व्हायरसच्या हल्ल्यात आपल्याच शेजारी जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम खोळंबलं. तिन्ही गोष्टी आपल्या अंगणातल्या आहेत. म्हणून सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून डेटा खरंच परत आणून पाहा. नुसती ‘बॅकअप झाला’ अशी हिरवी खूण पुरत नाही. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवायचा नियम २०२२ पासून आहे, तेव्हा कोण कळवणार त्याचं नाव भिंतीवर असू द्या.

शेवटी एक कागद डिस्पॅचच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा: संगणक दिवसभर बंद राहिला तर काय काय हाताने लिहायचं आणि कोणत्या क्रमाने. आमच्याकडे हा कागद स्टोअरकीपर काकांनी लिहिला. त्यांना तासभर पुरला.

तीन महिन्यांनी वही परत उघडा

शनिवारी दुपारी, फोन शांत असताना. प्रत्येक निर्णयाचा शेवटचा रकाना वाचा आणि लाल पेनने शेजारी लिहा, प्रत्यक्षात काय झालं. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं समजू नका. कधी कधी नुसतं नशीब असतं, आणि ‘हातात काय माहिती होती’ हा रकाना ते उघडं पाडतो. माझ्या पहिल्या वहीत जूनअखेरच्या त्या सोमवारची नोंद अजून आहे: ‘ऑर्डर बुधवारी. माल शुक्रवार रात्रीपर्यंत पुरेल.’ शेजारी लाल पेनने एवढंच आहे: ‘गोडाऊन, ४० पायऱ्या खाली.’